नागपुरी मराठी हिंदीनं बिघडवली का, आणि सातशे वर्षांपूर्वीची भाषा कळते तरी कशी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई उमरेडकडच्या, त्या "म्या पायलं", "फय आणलं" म्हणतात. तुम्ही नागपूरच्या बर्डीवर वाढले, तुम्ही "काय करून राहिला बे" म्हणता. पोरगी सहावीत, तिच्या बोलण्यात निम्मं इंग्रजी. आणि पुण्याची आत्येबहीण आली ती तिघांनाही हसून गेली. म्हणून तुम्ही विचारलं की आपली मराठी हिंदीनं बिघडवली का. आणि शेवटी जाताजाता अजून एक टाकलं, की जुने लोक कसे बोलायचे हे भाषावाले एवढं छातीठोकपणे सांगतात ते कशाच्या भरवशावर, तेव्हा काय टेप होता का.

मला विचाराल तर हा जाताजाता टाकलेलाच खरा प्रश्न आहे. तो सुटल्याशिवाय पहिल्याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, देतात ते अंदाजपंचे. मी या भागातल्या बोली गोळा करायचं काम बरीच वर्षं करतेय आणि माझा अनुभव असा आहे की लोक कानाला जे वेगळं लागतं त्याला सरळ "हिंदीचा परिणाम" म्हणून मोकळे होतात. तुमच्या घरातल्या तीन गोष्टी घ्या, म्हणजे फय, म्या आणि करून राहिलो, या तिन्हींचा जन्मदाखला वेगवेगळा आहे आणि त्यातल्या एकाच ठिकाणी हिंदीचा हात आहे.

आधी फय. इथं जरा वेळ काढून वाचा, कारण भाषेच्या इतिहासाचं सगळं काम कसं चालतं ते या एका उदाहरणात दिसतं.

प्रमाण मराठीत आपण फळ म्हणतो पण फूल म्हणतो, फूळ म्हणत नाही. गळा म्हणतो पण गाल म्हणतो. मूळ म्हणतो पण मोल. वेळ-काळ मधला काळ, पण कालपरवा मधला काल. असं का? शाळेत कोणी विचारत नाही, "रूढ आहे" म्हणून सोडून देतात. आता जुनी रूपं बाजूला मांडून बघा. फळ आलं संस्कृत फल पासून, तिथं ल एकटा. फूल आलं फुल्ल पासून, तिथं ल जोडीनं. गळा आला गल पासून, गाल आला गल्ल पासून. मूळ आलं मूल पासून, मोल आलं मूल्य पासून, ते प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठीच्या मधल्या काळातल्या भाषेत, मोल्ल झालं. काळ आला काल पासून, आणि कालपरवा मधला काल आला कल्य पासून, तो आधी कल्ल झाला. तेलाचंही तेच, प्राकृतात ते तेल्ल होतं म्हणून आपण तेळ म्हणत नाही. म्हणजे नियम सरळ आहे, दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला ल मराठीत ळ झाला, जोडीतला ल वाचला. गेला, आला मधला ल सुद्धा प्राकृतातल्या इल्ल प्रत्ययातून आलेला, म्हणून तोही वाचला.

आता तुमच्या आईकडे या. वऱ्हाडी-नागपुरी ग्रामीण बोलीत ळ चा य होतो. फळ चं फय, गळा चा गया, डोळा चा डोया, काळा चा काया. पण त्या फुलाला फूयच म्हणतात का? नाही ना. गाल गालच राहतो, तेल तेलच, आणि "तो गेया" असं उमरेडात कोणी म्हणत नाही, "गेला"च म्हणतात. म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेली बाई सुद्धा दोन हजार वर्षांपूर्वीचा एकटा ल आणि जोडीचा ल हा फरक बोलताना रोज पाळतेय, एकदाही न चुकता. आणि ज्या हिंदीनं आपल्याला बिघडवलं म्हणतात त्या हिंदीत हा फरक पुसून गेलाय, तिकडे फल आणि फूल दोन्हीकडे एकच ल. हिंदी चिकटली असती तर तुमच्या आईनं "फल" म्हटलं असतं, फय नाही.

अपवाद सापडतील, सापडावेतच. कमळ म्हणतो पण बाईचं नाव कमल, वेळ-काळ म्हणतो पण कालखंड. हे शब्द नंतर पोथ्यापुस्तकांतून सरळ संस्कृतातून उचललेले, ल चा ळ होऊन गेल्यावर ते भाषेत आले, त्यामुळं नियमाच्या तावडीतून सुटले. आणि हो, प्रत्येक य ला ळ समजू नका. "पायलं" मधला य हा पाहिलं मधल्या हि चा आहे, त्याचा ळ शी काही संबंध नाही.

1870 च्या दशकात जर्मनीत लायप्झिगला काही तरुण अभ्यासकांनी नेमका हाच हट्ट धरला होता, की ध्वनी बदलतात ते नियमानं बदलतात, आणि अपवाद दिसला की त्याचं कारण शोधायचं, "असंच असतं" म्हणून सोडायचं नाही. तेव्हा त्यांच्यावर टीका खूप झाली, अजूनही होते, कारण प्रत्यक्षात बदल एका दिवसात सगळ्या शब्दांत पसरत नाही. पण कामाची शिस्त म्हणून हा हट्ट मला अजून दुसऱ्या कशापेक्षाही उपयोगी पडतो.

आता तुमचा टेप चा मुद्दा. जुन्या रूपांपर्यंत पोचायचा एक रस्ता म्हणजे बहिणी-बहिणी भाषा शेजारी ठेवणं. हस्त चा हात कसा झाला? कागदोपत्री मधली पायरी प्राकृतातली हत्थ. पण कागद नसता तरी काम अडलं नसतं, कारण पंजाबी अजूनही ती पायरी बोलतेय, हत्थ, कम्म, अज्ज, सत्त. आपल्याकडे जोडीतलं एक अक्षर गेलं आणि आधीचा स्वर लांबला, हात, काम, आज, सात. लग्नात पंजाबी गाणी वाजतात ना, त्यात हे शब्द ऐकताना आपल्याच पणजीच्या पणजीचं बोलणं थोडं ऐकू येतं असं समजा.

हे फक्त भारतापुरतं नाही. 1786 मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं भाषणात म्हटलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यात एवढं साम्य आहे की या एकाच मुळातून निघाल्या असणार, आणि ते मूळ आता कदाचित शिल्लकही नसेल. पण साम्य साम्य म्हणून नाचायचं नाही, इथंच व्हॉट्सअॅपवाले फसतात. बदनाम, बदमाश मधला फारसी बद आणि इंग्रजीतला बॅड, आवाज जवळपास सारखा, अर्थ सारखा, आणि नातं शून्य, निव्वळ योगायोग. उलट आपलं चाक आणि इंग्रजी व्हील यांच्यात कानाला काहीही सारखं नाही, आणि ते सख्खे. चक्र मागं मागं नेलं आणि व्हील मागं मागं नेलं की दोन्ही एकाच शब्दावर येऊन थांबतात, आणि वाटेतली प्रत्येक पायरी इतर शब्दांतही तशीच सापडते. म्हणून आम्ही दिसण्यावर जात नाही, पायऱ्या मोजतो.

दुसरा रस्ता लिखाणाचा. तो वाटतो तितका सोपा नाही, कारण लिहिणारा शुद्ध लिहायला बघतो आणि बोलणारा बोलून जातो. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी "श्री चावुण्डराजें करवियलें", म्हणजे चावुंडराजानं करवलं, ही ओळ आहे. चावुण्डराय दहाव्या शतकातला, म्हणून ओळही तेव्हाचीच असं बरीच वर्षं धरलं गेलं. पण खालची ओळ सांगते की भोवतालचं बांधकाम गंगराजानं करवलं, आणि तो बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकाच वेळच्या मानल्या तर लेख 1116-17 च्या आसपासचा ठरतो, बरेच अभ्यासक तसंच मानतात. साल कोणतंही धरा, भाषेवाल्याला त्यातून काय मिळतं ते बघा, राजानं साठी तिथं "राजें" आहे, म्हणजे आपला ने हा प्रत्यय अजून आलेला नाही. आणि करवियलें मधला ल मात्र आजच्यासारखा जागेवर आहे.

आपल्या जवळचं म्हणाल तर अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचं लीळाचरित्र तिकडे तयार झालं, आणि ते गद्य आहे ही फार मोठी गोष्ट. ज्ञानेश्वरी 1290 ची, पण ती ओवीत आहे, आणि ओवी लिहिणारा यमकासाठी शब्द वाकवतो. लीळाचरित्रात माणसं भांडतात, जेवतात, प्रश्न विचारतात, त्यामुळं बोलण्याच्या जास्त जवळ. अर्थात ते मूळ प्रतीतून नाही, नकलांच्या नकलांतून आपल्यापर्यंत आलंय, आणि नक्कल करणारा नकळत आपल्या काळाची रूपं घुसडतो, म्हणून पाठ ताडून घ्यावे लागतात. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचं संपादन केलं ते 1978 ला आलं, ते काम हातात घेतलं की पाठ ताडणं म्हणजे किती चिकाटीचा धंदा आहे ते कळतं.

आणि गंमत सांगू, आम्हाला सगळ्यात प्रिय असतो तो चुका करणारा लेखनिक. ज्याला ण आणि न मधला फरक ऐकूच येत नाही तो पाणी ला पानी लिहून बसतो आणि आम्हाला कळतं की त्या काळात, त्या गावात हे दोन आवाज एक झाले होते. शुद्ध लिहिणाऱ्याकडून हे कधीच कळलं नसतं. पण प्रत्येक लिपीची मर्यादा धरून वाचायचं, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इ-उ वेगळे दाखवतच नाहीत, त्यामुळं मोडी कागदावरून कोणी त्यावर निष्कर्ष काढला तर तो सोडून द्यायचा.

तर आता "म्या". शाळेत यावर लाल रेघ पडते. पण ज्ञानेश्वरीच्या काळात "मी केलं" याला "मियां केलें" असंच म्हणत, पुढे त्याचं म्यां झालं. जसं "तो आला" पण "त्यानं केलं" असा आपण आजही फरक करतो, तसा मी चा सुद्धा व्हायचा. प्रमाण भाषेनं तो सोडला, "मी आलो" आणि "मी केलं" दोन्हीकडे मी. खेड्यांनी म्या धरून ठेवला. म्हणजे तुमच्या आईचं म्या ही जुनी शिल्लक आहे, बदललं ते आपण. मले-तुले, म्हणजे मला-तुला, याचं पण तसंच, त्यात हिंदीचं काय आहे? हिंदीत मुझे, मुझको. मले सापडतं खानदेशात अहिराणीत, म्हणजे हा पट्टा पश्चिमेकडे जोडलेला आहे, उत्तरेकडे नाही.

राहिलं तुमचं "करून राहिलो". इथं मात्र पुण्याच्या बहिणीचा अंदाज बरोबर आहे. हिंदीत कर रहा हूँ, तोच साचा, सामान मात्र सगळं मराठी, करून आपलं, राहिलो आपलं. शब्द उसना घेतला की तो लगेच ओळखू येतो, साचा उसना घेतला की बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून नागपूरकराला पुण्यात जाईपर्यंत कळतच नाही की आपण वेगळं काही बोलतो. आणि याला कारण आहे ते इथल्या इतिहासात. गोंड राजांनी वसवलेलं शहर, मग भोसले आले, मग 1861 ला मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी, अर्धा प्रांत हिंदी अर्धा मराठी. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात नव्हतोच. इतवारीत दुकानात हिंदी, महालात घरी मराठी, कामठीत उर्दू, आणि एकच माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिन्हीकडे फिरतो. अशा ठिकाणी भाषा एकमेकींना घासणारच, आणि घासणं दोन्ही बाजूंनी होतं. नागपूरची हिंदी ऐका, "आता हूँ करके बोला", हे दिल्लीवाला म्हणेल का? तो साचा आपल्या "येतो म्हणून सांगितलं" च्या जवळचा. राजेश्वरी पंढरीपांडे यांनी नागपुरातल्या या मराठी-हिंदी देवाणघेवाणीवर अभ्यास केलाय.

याच्या पुढचं टोक बघायचं तर सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. तिथं गंपर्झ आणि विल्सन या दोन भाषा-अभ्यासकांनी मराठी, कन्नड, उर्दू घराघरांतून शेजारी-शेजारी बोलल्या जाताना अभ्यासल्या, 1971 मध्ये ते छापलं. शब्द तिन्हींचे आपापले, पण वाक्यांची बांधणी इतकी जवळ आलेली की एका भाषेतून दुसरीत शब्दाला शब्द ठेवत जाता येतं. नागपूर अजून तिथवर गेलेलं नाही.

थोडक्यात इथपर्यंत, फय हा बोलीच्या आतूनच झालेला नियमित बदल, म्या आणि बहुतेक मले ही जुनी शिल्लक, करून राहिलो हा हिंदीचा साचा. बिघडली का याचं माप आमच्याकडे नाही, भाषाशास्त्रात बदलली एवढंच असतं. पण लोक हसतात, मुलाखतीत नोकरी जाते, हे खरं आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. फक्त ती गोष्ट समाजाची आहे, कोणत्या शहराची बोली शाळेत आणि छापखान्यात गेली याची. ती भाषेच्या अंगी असलेली खोट नाही.

पोरीच्या इंग्रजीचं मला सगळ्यात कमी टेन्शन आहे. "डिलीट केलं", "मिस केलं" म्हणते ना? करणे हे मराठी, केलं ला प्रत्यय मराठी. फारसी शब्द याच दारातून आत आले, माफ करणे, सुरू करणे, जप्त करणे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी अर्ज, कागद, जमीन, दप्तर राहिलेच. मी कान कधी टवकारेन, ती हात, पाय, पाणी, दोन, तीन, हे शब्द सोडायला लागली तर. हे शब्द सहसा शेवटी जातात. तेव्हा मात्र ती मराठी बदलतेय असं नाही, मराठी सोडतेय असं म्हणावं लागेल.

आता तुम्ही विचारलं की घरीच काही करता येईल का. येईल. तीन पिढ्या एका छताखाली असणं म्हणजे आमच्यासाठी सोनं आहे. आजी, तुम्ही आणि पोरगी यांच्या बोलण्यातला फरक म्हणजे साधारण पन्नास वर्षांचा बदल, असं धरून अभ्यास करतात. पण हे नेहमी खरं नसतं. काही गोष्टी वयाच्या असतात, बदलाच्या नसतात. कॉलेजात दर वाक्याला बे लावणारा पोट्टा बँकेत लागला की बे घरी ठेवून जातो, आणि पुढच्या वर्षीचे पोट्टे पुन्हा बे लावतात, म्हणजे भाषा जिथल्या तिथं. त्यासाठी जुना पुरावा लागतो. ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 चा, त्यात आपल्या भागाचे नमुने आहेत आणि ले वाली रूपं तिथंही दिसतात, म्हणजे मले कालचं नाही. पण लक्षात ठेवा, ग्रिअर्सन स्वतः गावोगाव फिरला नव्हता, नमुने सरकारी यंत्रणेनं गोळा केले, बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट सगळीकडे भाषांतर करून घेतली. भाषांतर करताना माणूस जसा बोलतो तसा लिहीत नाही. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात प्रत्यक्ष आवाज आहेत, ते जास्त भरवशाचं.

आणि सगळ्यात मोठी अडचण ही की विचारलं की माणूस सुधारतो. कॉटन मार्केटात केळीच्या गाड्यापाशी मी उभी असते, गाडीवाला शेजारच्याला "केयी उतरव" म्हणतो, माझ्याकडे वळतो आणि म्हणतो "केळी घ्या ना मॅडम", मागून हिंदी गिऱ्हाईक येतं त्याला "केला कैसे दूँ". एकच माणूस, एकच घड, तीन उच्चार. मी त्याला विचारलं असतं की तुमच्याकडे याला काय म्हणतात, तर त्यानं केळी सांगितलं असतं आणि मी वहीत चुकीची नोंद करून घरी आले असते. विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत हीच भानगड टाळली होती. त्याला बघायचं होतं की लोक र उच्चारतात का, तर तो चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठं आहे असं विचारायचा, म्हणजे उत्तरात "फोर्थ फ्लोअर" येणारच, आणि मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचा. महागड्या दुकानात र जास्त, स्वस्त दुकानात कमी.

तर आईंना शब्दांची यादी वाचायला देऊ नका. त्या शिकलेल्या नसतील तर लाजतील आणि शिकलेल्या असतील तर शुद्ध बोलतील. फॅन बंद करा, मोबाइल उशाशी ठेवा, आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगून मगच चालू करा, चोरून नको. लहानपणी पोळ्याला बैल कसे सजवायचे, मारबत बघायला नागपूरला कोण कोण यायचं, आजारपणात घरी काय काढे द्यायचे, असलं विचारा. पहिली दहा मिनिटं त्या जपून बोलतील, ती सोडून द्या. नंतर एखादी जुनी भांडणाची गोष्ट निघाली की काम झालं, राग आला की माणूस शुद्ध बोलत नाही. शक्य असेल तर तुमच्या मावशीला शेजारी बसवा, दोघी एकमेकींशी बोलू देत, तुम्ही गप्प राहा. मग ऐकताना तीनच गोष्टी टिपा, ळ च्या जागी काय आलं, म्या कुठं आला आणि मी कुठं, आणि राहिला वालं रूप त्या वापरतात का. हे शेवटचं तुमच्या आईच्या तोंडी कमी आणि तुमच्या तोंडी जास्त निघालं तर ते शहरानं दिलेलं आहे असं म्हणायला थोडा आधार मिळेल, पण एका घरावरून एवढंच, जास्त नाही. आईंचं माहेर कुठलं, लग्नानंतर त्या कुठं कुठं राहिल्या हेही लिहून ठेवा, उमरेडला सासर आणि माहेर भंडाऱ्याकडचं असेल तर हिशोबच बदलतो.

पोरीला पेपरात "मला" लिहायला सांगा, मार्क त्याचेच आहेत. घरी आजीशी मले म्हणत असेल तर म्हणू द्या, पोरं दोन्ही सांभाळतात, त्यांना त्याचा काही त्रास होत नाही. आणि आत्येबहिणीला एकदा विचारा की फळ ला ळ मग फुलाला ल का.